प्रकल्प नोंदी: निहोन्गीचा पहिला हिवाळा

प्रकल्प: एचिगोतल्या (निइगाताचं जुनं नाव) जुन्या घरात एक हिवाळा काढणे, आणि त्यातच स्की शिकणे.
मुक्काम: जपान, निइगाता प्रांत, जोएत्सु शहराचा डोंगराकडचा भाग. निहोन्गी स्टेशनपासून चालत वीस मिनिटं.
माणसं: मी. नवरा टोकियोत नोकरीला, तो शनिवार-रविवारी.
लक्ष्य: मार्च संपायच्या आत सुगिनोहारा या स्की-मैदानाचा लांब उतार वरपासून पायथ्यापर्यंत उतरणे. लांबी ८.५ किलोमीटर, उंचीतला फरक १,१२४ मीटर.
अंदाज: स्की ८० तास. बर्फ उपसणे ३० तास.

१९ ऑक्टोबर

सामान आलं. पत्ता बदलल्याची नोंद नव्या नगरपालिकेत चौदा दिवसांच्या आत करावी लागते, ती पहिल्याच दिवशी उरकली; निवास कार्डाच्या मागच्या बाजूला नवा पत्ता छापून मिळाला.

निहोन्गीला गाडी सरळ येत नाही. चढ मोठा, म्हणून ती आधी पुढे जाते, मग थांबून उलटी फलाटाला लागते. भोर घाटात खंडाळ्याजवळ असंच होतं, १९२९ पर्यंत गाडी तिथे तोंड फिरवायची. आजोबांकडून ऐकलेली ती गोष्ट इथे तिकीट काढून बघायला मिळाली.

शेजारचे आजोबा भेटायला आले. वय ८१. आम्ही चहा दिला, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, छपराकडे होतं. पत्र्याचं छप्पर, साधारण ७० चौरस मीटर, बर्फ घसरू नये म्हणून जागोजागी लोखंडी अडसर. म्हणजे तो आपोआप पडणार नाही, वर चढून काढावा लागणार. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "ओकुसान, शिडी आहे का?"

नव्हती.

९ नोव्हेंबर

युकिगाकोइ लावली. तळमजल्याच्या खिडक्यांना बाहेरून आडव्या फळ्या बसवायच्या, म्हणजे छपरावरून टाकलेल्या बर्फाच्या भाराने काचा फुटत नाहीत. चौकटींना खाचा आधीच आहेत, फळ्यांच्या मागे आकडे रंगवलेले आहेत, तरी क्रम चुकला आणि दोनदा काढून लावल्या. झुडपांना बांबूचे त्रिकोण करून दोरीने आवळून टाकलं.

चिपळूणला मे महिन्याच्या शेवटी हेच चालायचं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झाप, कौलांची शाकारणी, लाकडं रचून ठेवणं. हात सवयीनेच चालत होते. फरक एवढाच की इथे फळ्या लागल्यावर खालच्या खोल्या दिवसाही अंधारल्या. आता एप्रिलपर्यंत दिवे लावूनच काम.

रॉकेलचे चार लाल कॅन आणले, प्रत्येकी १८ लिटर. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, रॉकेलच्या रांगेतून सुटले म्हणून मी गॅसची पूजा केली होती, आणि तू परत तिथेच गेलीस?"

२८ नोव्हेंबर

पहाटे ढगांचा गडगडाट. एवढा की खिडकीच्या फळ्या थरथरल्या. मी झोपेत वाळत घातलेले कपडे आत घ्यायला उठले. कोकणात गडगडाट म्हणजे मृग. इथे त्याला युकिओकोशी म्हणतात, बर्फाला उठवणारा. जपानी समुद्राच्या किनाऱ्यावर विजा थंडीत कडाडतात.

कारण समजून घेतलं ते असं: सैबेरियाकडून कोरडी गार हवा निघते. वाटेत जपानी समुद्र, आणि त्यात दक्षिणेकडून येणारा त्सुशिमा हा उबदार प्रवाह. हवा वाफ पिऊन ओली होते, इथल्या डोंगरांना धडकते, वर चढते आणि सगळं ओतून टाकते. डोंगरापलीकडे टोकियोत त्या दिवशी निळं आकाश आणि कोरडे ओठ. म्हणजे आपली सह्याद्रीची गोष्ट. नैऋत्येऐवजी वायव्य वारे, चिपळूणच्या जागी जोएत्सु आणि पर्जन्यछायेत टोकियो. शाळेत मोसमी वाऱ्यांची आकृती दहा वेळा काढली होती, तीच उलटी धरली की झालं.

१४ डिसेंबर

पहिला खरा बर्फ. सकाळी ४८ सें.मी.

जोएत्सु श्रीनगरपेक्षा जेमतेम तीन अंश उत्तरेला आहे आणि तापमान शून्याच्या आसपासच. त्यामुळे बर्फ कापसासारखा नाही, ओल्या पिठासारखा. फावड्याला चिकटतो. आजोबांनी माझं फावडं बघितलं, काही बोलले नाहीत, आणि घरातून एक अवजार आणून दिलं. रुंद पत्र्याचं मोठं सुपडं, त्याला यू आकाराची दांडी. ढकलून भरायचं, ओढत न्यायचं, उपडं करायचं. नाव मामासान डंप. आपला मामा नव्हे. जपानीत मामा म्हणजे आई. घरातल्या बाईलाही झेपेल म्हणून ते नाव. नवरे शहरात कामाला जायचे तेव्हा बर्फ कोण उपसत असेल, ते नावातच लिहिलंय.

आज उपसणे अडीच तास. ऑफिसची सकाळची बैठक कॅमेरा बंद ठेवून, घामाघूम अवस्थेत.

२१ डिसेंबर

अकाकुरा, डोंगरातलं स्कीचं गाव. रेल्वेने दोन स्टेशनं, सेकियामा आणि मग म्योको-कोगेन, तिथून बस. बुटांचं माप इथे सेंटिमीटरमध्ये सांगतात: २४.५. बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर.

शिक्षिकेने पहिल्या तासात फक्त पडायला आणि उठायला शिकवलं. दुसऱ्या तासात बोगेन: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचांनी बर्फ खरवडत थांबायचं. माझी चूक सगळ्यांचीच असते म्हणे. भीती वाटली की शरीर मागे झुकतं, मागे झुकलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं आणि ती ऐकेनाशी होते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवायची, म्हणजे ज्या उताराची भीती वाटते त्याच उतारावर अंग टाकायचं. ऐकायला सोपं.

तिकीट खिडकीवर मुलगी इंग्रजीत बोलली, मी जपानीत, ती पुन्हा इंग्रजीत. अकाकुरात हिवाळ्यात अर्धं गाव ऑस्ट्रेलियाचं असतं, तिची चूक नाही. "मी निहोन्गीला राहते," म्हटल्यावर मात्र तिचा पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडे किती पडलाय?" इथे हाच रामराम.

३१ डिसेंबर

बर्फ उपसणे २१ तास. स्की ४. अंदाजपत्रकाबद्दल आत्ताच बोलायला नको.

४ जानेवारी

आज माझ्यामुळे गल्लीत पाणी आलं.

रस्त्याकडेने झाकण असलेला पाट आहे, र्यूसेत्सुको. झाकण आकड्याने उचलायचं, बर्फ आत ढकलायचा, वाहतं पाणी तो खाली नदीकडे नेतं. पण पाणी सगळ्यांना एकाच वेळी पुरत नाही, म्हणून प्रत्येक वाडीला वेळ ठरवून दिलेली असते. ते वेळापत्रक घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फाइलीत, काइरानबानमध्ये, होतं. मी शिक्का मारून फाइल पुढे पाठवली होती. वाचली नव्हती.

दुपारी दोनला, वेळ नसताना, मी मोठमोठे गोळे आत लोटले. पाणी कमी, गोळे अडकले, पाट तुंबला आणि वरच्या अंगाला तीन घरांपुढे घोटाभर पाणी. चार म्हातारी माणसं बांबू घेऊन आली. कुणी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. तासाभराने पाट मोकळा झाला. मी कमरेतून वाकून वाकून माफी मागितली. एक आजी म्हणाल्या, "लहान लहान तुकडे कर गं," बस्स.

भरीस भर, आजोबांनी उसना दिलेला लोखंडी आकडा त्या गडबडीत कुठेतरी बर्फात गेला. रात्री टॉर्च घेऊन शोधला, नाही मिळाला. बाजारात नवा मिळतो, तो आणून दिला. त्यांचा जुना त्यांच्या वडिलांचा होता, हे नंतर कळलं.

९ ते ११ जानेवारी

पहिली युकिओरोशी, म्हणजे छपरावरचा बर्फ उतरवणं. छपरावर ९५ सें.मी.

हिशोब: बसलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोच्या आसपास भरतो. ७० चौरस मीटरवर मीटरभर थर म्हणजे २१ टन. आम्ही त्याच्या खाली झोपतो. रात्री सरकती दारं अडकायला लागली की समजायचं, तुळया वाकायला लागल्या.

आजोबांचे नियम, त्यांनी सांगितले त्याच क्रमाने: एकट्याने चढायचं नाही. शिडी बांधल्याशिवाय चढायचं नाही. दोर कमरेला, दुसरं टोक घराच्या पलीकडच्या बाजूला पक्कं. हेल्मेट. ऊन पडून बर्फ सुटायला लागला की वर थांबायचं नाही. आणि पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं नाही, वीतभर थर ठेवायचा, नाहीतर पाय घसरतो. दर हिवाळ्यात असे पडून माणसं जातात, आणि त्यात म्हातारी जास्त, कारण गावात तीच उरलेली आहेत.

पद्धत: मोठे चौकोनी ठोकळे कापायचे, तोफू कापतात तसे, आणि कडेकडून सुरुवात करून खाली ढकलायचे. नवऱ्याने शुक्रवारी रजा काढली. शनिवारी दुपारपर्यंत निम्मं छप्पर झालं. रविवारी सकाळी झालेल्या निम्म्यावर पुन्हा २५ सें.मी.

तो म्हणाला, "आपण हे सोडून स्की करायला आलो होतो ना?" मी उत्तर दिलं नाही. तोंडात बर्फ होता.

दोघांचे मिळून १९ तास. वहीत धरताना माझे तेवढे ११.

१२ जानेवारी

अंग ठणकत होतं तरी कानायासानला गेले, ताकादाच्या, म्हणजे जोएत्सुच्या जुन्या शहराच्या, कडेची टेकडी. जपानमध्ये आजचा दिवस स्कीचा दिवस मानतात, कारण १२ जानेवारी १९११ ला ताकादाच्या ५८ व्या पायदळ पलटणीला थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मेजरने स्की बांधायला शिकवलं. तो आला होता रशियाला हरवणारं सैन्य कसं आहे ते बघायला. इथल्या डिव्हिजनचे प्रमुख नागाओका गाइशी, ज्यांच्या मिशा चेहऱ्याबाहेर दोन्हीकडे पंख्याच्या पात्यासारख्या जायच्या, त्यांनी पाहुण्याला शिक्षक करून टाकलं. त्याआधी नऊच वर्षांपूर्वी, १९०२ च्या जानेवारीत, हाक्कोदा डोंगरात सरावाला गेलेल्या २१० सैनिकांपैकी १९९ बर्फात मेले होते. बर्फात चालता येणं ही तेव्हा हौस नव्हती.

टेकडीवर लेर्खचा पुतळा आहे. हातात एकच लांब काठी. तेव्हाची पद्धत एका काठीची होती, नावाड्याच्या वल्ह्यासारखी. बाजूला छोटं संग्रहालय. जुन्या लाकडी स्की बघितल्या आणि माझ्या भाड्याच्या बुटांबद्दलची तक्रार मागे घेतली.

येताना ताकादाच्या गांगीतून चालले. दुकानांपुढे सलग पडव्या, प्रत्येकाने आपापल्या जागेत बांधलेल्या पण वाट सगळ्यांची. सगळ्या मिळून १६ किलोमीटरच्या आसपास, जपानमध्ये सर्वांत लांब. इथे २६ फेब्रुवारी १९४५ ला ३७७ सें.मी. बर्फ मोजला गेला. पूर्वी बर्फावर पाटी रोवायचे म्हणतात, "याच्या खाली ताकादा आहे." आमच्या वाडीत कुणी ही गोष्ट विनोद म्हणून सांगत नाही.

१५ जानेवारी

देवळापुढे साइनोकामी. पेंढा आणि बांबूचा उंच मनोरा, त्यात नववर्षाची तोरणं-माळा घालून पेटवतात. काठीला सुकी माकुळी बांधून त्या आगीवर भाजून खायची, वर्षभर आजारपण येत नाही म्हणे. काल संक्रांत, आज होळी. मी तिळाच्या वड्या नेल्या होत्या. पाटातल्या पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

२४ जानेवारी

म्योकोकडे जाताना बर्फावर लाल सडा दिसला. मिरच्या. शरद ऋतूत मिठात मुरवलेल्या मिरच्या ऐन कडाक्याच्या दिवसांत तीन-चार दिवस बर्फावर पसरतात. बर्फ त्यांचा खारटपणा आणि कडवटपणा ओढून घेतो. मग युझूची (लिंबाच्या जातीचं फळ) साल, कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी), मीठ घालून तीन वर्षं मुरवतात. कानझुरी. आपण मिरच्या उन्हात घालतो, हे बर्फात. बाटली आणून भाकरीबरोबर खाल्ली (तांदळाची, इथल्या कोशिहिकारी जातीच्या तांदळाचं पीठ, थापताना तुटते). ठेच्याची शांत स्वभावाची बहीण.

संध्याकाळी हीटर आपोआप बंद पडला, पडद्यावर बिघाडाचा क्रमांक. तंत्रज्ञाला फोन करायच्या आधी आजोबांना विचारलं. भिंतीबाहेरचं धुराचं नळकांडं बर्फात गाडलं गेलं होतं. खणून काढलं, चालू झाला. यंत्र शहाणं होतं म्हणून बंद पडलं. धूर आत आला असता तर ही नोंद झाली नसती. आता रोज सकाळी पहिलं काम ते नळकांडं, मग चहा.

२८ ते ३१ जानेवारी

२८: ५५ सें.मी. उपसणे ४.
२९: ७०. उपसणे ५.५. पहाटे बर्फ काढणारी गाडी रस्ता साफ करून गेली आणि दारापुढे दगडासारख्या ढेकळांचा बांध घालून गेली.
३०: ४०. उपसणे ५. रजा.
३१: १५. ऊन. उपसणे ३.

महिनाअखेर एकूण: बर्फ ७४, स्की १५.

८ फेब्रुवारी

अकाकुरा. आज वळलं!

इतके दिवस मी वळण घ्यायचं म्हणून खांदे फिरवत होते. शिक्षिका म्हणाली, खांदे विसर, बाहेरच्या पायावर उभी राहा. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर सगळा भार, जणू दुसरा पाय नाहीच. एका क्षणी उजवी स्की वाकली, धार धरली, आणि तिनेच मला वळवलं. मला वाटतं मी मोठ्याने "आई गं" म्हणाले. भार कसा टाकायचा हे कंबरेला आधीच माहीत होतं, मामासान डंप ढकलून ढकलून. हे शिक्षिकेला सांगितलं तर ती हसली. तीही याच भागातली.

शाळेची मुलं आली होती, इथे खेळाच्या तासाला स्की असते. आठ-नऊ वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी गेली.

इथली स्कीची भाषा ऐकून मजा वाटते. उतार म्हणजे गेरेन्दे, काठी म्हणजे सुतोक्कु, घट्ट गोठलेला पृष्ठभाग आइसुबान. सगळं जर्मन. बहुतेक खेळांत शब्द इंग्रजीतून आले, स्कीत मात्र जर्मनमधून. लेर्ख आणि त्याच्यामागून आलेल्या आल्प्सच्या विद्येची ही उष्टी.

१८ फेब्रुवारी

उत्तरेकडची वळचण तुटली. छपरावरून टाकलेल्या बर्फाचा ढीग वाढत वाढत पागोळीला भिडला. वरचा बर्फ आणि खालचा ढीग एकमेकांना चिकटले, खालचा बसायला लागला आणि जाताना पत्र्याची कड घेऊन खाली गेला. ढीग मधूनमधून कापून अंतर ठेवायला हवं होतं. मला माहीत होतं. मंगळवारी बैठका होत्या.

व्हिडिओ कॉलवर आईला तुटलेली कड दाखवली. डिसेंबरात ती "किती सुंदर गं" म्हणत होती. आज नीट बघून म्हणाली, "हा तर आपला पाऊसच आहे. फक्त वाहून जात नाही, दारात बसून राहतो."

खाली शहरातल्या मुख्य रस्त्यावर तो वाहून जातो. रस्त्याच्या मधोमध नळी गाडलेली, तिच्या भोकांतून भूजलाची कारंजी. पाणी जमिनीखालून १३ अंशांचं येतं, बर्फ वितळवायला पुरतं. शोध याच प्रांतातल्या नागाओका शहराचा. साप्पोरोसारख्या कडक थंडीत तेच पाणी रस्त्यावर गोठेल, इथे चालतं. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबडे झालेत, आणि पायी जाणाऱ्याची पावसाळ्यासारखी अवस्था. गमबूट कोकणातून आणायला हवे होते.

८ मार्च

सुगिनोहारा.

धुकं साडेनऊला उठलं. सर्वांत वरच्या लिफ्टवरून उतरले तेव्हा समोर नोजिरी तलाव, मागे म्योको डोंगर. वरचा भाग कोरडा आणि हलका, स्की आवाजच करत नव्हती. मधला टप्पा रुंद, तिथे मी चक्क गाणं म्हणत होते. खालचा तिसरा हिस्सा उन्हाने भाताच्या पेजेसारखा झालेला, तिथे मांड्या संपल्या. पाच वेळा पडले, त्यातली चार शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. एकदा स्नोबोर्डवरच्या एका मुलाने माझी सुटलेली स्की आणून दिली.

वेळ: ५२ मिनिटं, थांबे धरून. चांगले स्कीवाले एवढ्यात तीन-चार फेऱ्या मारतील. मी पायथ्याशी बाकावर बसून एक वाटी मिसो रामेन खाल्लं आणि पुन्हा वर गेले नाही.

घरी आल्यावर आजोबांना सांगितलं. त्यांनी कोठारातून आपल्या जुन्या स्की काढून दाखवल्या, १९५ सें.मी. लांब, सरळसोट. लहानपणी शाळेत ते स्कीनेच जायचे. "मजा म्हणून?" मी विचारलं. "नाही, रस्ता नव्हता म्हणून," आणि थोडं थांबून, "पण परत येताना उतार होता."

३० मार्च

हिशोब. बर्फ १२६ तास. स्की ३७. रॉकेल ३१ कॅन, म्हणजे ५५८ लिटर. वळचणीची दुरुस्ती घरमालकाशी निम्मी-निम्मी. पुढच्या वर्षीच्या अंदाजात आकडे अदलाबदल केले.

१९ एप्रिल

ताकादाच्या किल्ल्याजवळचा चेरीचा बहर ओसरला. युकिगाकोइ काढली, फळ्यांवर आकडे नव्याने रंगवले. खालच्या खोलीत सूर्य आला तेव्हा कळलं जळमटं किती आहेत. बर्फ हटलेल्या कडेला फुकिनोतो, म्हणजे एका रानभाजीचे कोंब. मिसोत परतून खाल्ले, कारल्याची आठवण यावी इतके कडू.

उत्तरेच्या भिंतीजवळ ढीग अजून ११० सें.मी.

६ मे

ढीग ०. पाटाजवळच्या शेवटच्या चिखलात आकडा सापडला, गंजून लाल. घासलेटाने पुसून आजोबांना नेऊन दिला. त्यांनी तो वर-खाली करून बघितला, कोठारात गेले. खिळा रिकामाच होता. मी दिलेला नवा आकडा त्यांनी शेजारच्या खिळ्याला लावला होता.